लोपीससाहेबांचा शब्द

कामावर रुजू झाले त्या दिवशी लोपीससाहेबांनी मला समोर बसवलं आणि आधी स्वतःचा पगार सांगितला. मूळ किती, भत्ते किती, गाडीचं पेट्रोल कोण भरतं, सगळं. मी ओशाळून खाली बघत राहिले. आमच्याकडे साताऱ्याला पुरुषाला त्याचा पगार विचारत नाहीत. ते हसले. "पाटीलबाई, वय लपवा, आजार लपवा. सरकारी कंपनीतला पगार लपवू नका. तो आपला नसतो, लोकांचा असतो."

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. मालक सरकार, कारखाना वसई पूर्वेला. ऑगस्टीन लोपीस तिचे कंपनी सचिव, म्हणजे संचालकांच्या सभा, ठराव, वार्षिक अहवाल हे सगळं त्यांच्या हातात. राहायला निर्मळला, जुन्या केळीच्या वाडीत. स्कूटरवरून यायचे आणि गेटवर थांबून पहारेकऱ्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करूनच आत शिरायचे. मी त्यांची मदतनीस. मसुदा कसा लिहायचा, कुठला शब्द कुठे अडकवतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पगार जाहीर करण्याचं धोरण त्यांनीच आणलं. सरकारी कंपन्यांना कायद्याने यात बरीच सूट आहे, असं व्यवस्थापकीय संचालकांनी सभेत ऐकवलं. मी टिपणं घेत होते. लोपीससाहेब म्हणाले, "सक्ती नाही म्हणूनच करू या, साहेब. सक्तीने केलं त्यात काय मोठेपण? आणि बंगल्यावरचा माळी कुणाच्या खर्चाने आहे, तेही लिहू." दोन संचालकांना हसू आवरेना. धोरण मंजूर झालं. अहवालाचं ते पान कामगारांनी गेटवर चिकटवलं आणि चहाच्या सुट्टीत लोक ते मोठ्याने वाचू लागले.

पुढे तोटा वाढला. कामगारांनी ठरलेली पगारवाढ सोडावी, नाहीतर एक विभाग बंद करावा लागेल, असा प्रस्ताव आला. युनियन ऐकेना. तेव्हा व्यवस्थापनाने लोपीससाहेबांना कँटीनमध्ये बोलायला उभं केलं. जोडणी विभागातले म्हात्रे, जूचंद्र गावचे, युनियनमधले जुने माणूस, उठून म्हणाले, "साहेब, आमी सोडू. पन वरचे काय सोडतात, ते सांगा."

"वरच्या सगळ्यांनी वाढ आणि बोनस सोडलाय," लोपीससाहेब म्हणाले. "ह्या कंपनीतून आम्ही एक रुपयाही जास्तीचा घेणार नाही. माझा शब्द."

म्हात्र्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "साहेब सांगतात ना? मग झालं." हात वर झाले. म्हात्र्यांनी मुलीचं लग्न पुढे ढकललं. तक्रार केली नाही.

त्या नाताळात मी निर्मळला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी रीटाबाईंनी फराळाचं ताट हातात दिलं आणि वरचा नवा मजला दाखवायला नेलं. ताज्या रंगाचा वास येत होता. "वाढ थांबली तेव्हा मला वाटलं, हे राहिलंच आता," त्या कौतुकाने म्हणाल्या. "पण तुमच्या त्या दुसऱ्या कंपनीने ह्यांना आणि बाकीच्या मोठ्या साहेबांना मानधन सुरू केलं ना, म्हणून झालं बघा. देवाची कृपा."

दुसरी कंपनी म्हणजे आमचीच उपकंपनी. पंपांचे सुटे भाग विकणारी. तिचे संचालक आमचेच वरिष्ठ. मी जिना उतरले तेव्हा लोपीससाहेब अंगणात केळीचा घड कापत होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी कोयता खाली ठेवला.

"हे खरं आहे, सर?"

"बेकायदा काही नाही. जाहीर करण्याचं धोरण ह्या कंपनीपुरतं आहे, उपकंपनीला लागू नाही."

"ते शब्द मसुद्यात कुणी घातले?"

"मीच. नंतरच्या दुरुस्तीत." मग जरा थांबून, जणू मला मसुदाच शिकवत असावेत तसे म्हणाले, "वाक्य नीट आठवा, पाटीलबाई. मी कँटीनमध्ये 'ह्या कंपनीतून' म्हणालो होतो. खोटं बोललो नाही."

"म्हात्र्यांनी वाक्य कुठे ऐकलं, सर? त्यांनी तुमच्याकडे पाहिलं."

त्यांनी कोयता उचलला आणि ते पुन्हा घडाकडे वळले. मी रस्त्यावर येऊन रिक्षात बसले आणि मला रडू फुटलं. वडील गेले तेव्हाही मी परक्यासमोर रडले नव्हते.

सुट्टीनंतर मी म्हात्र्यांना सगळं सांगितलं. युनियनने माहितीच्या अधिकारात अर्ज केला, वरपर्यंत तक्रार गेली. उपकंपनीचं मानधन बंद झालं, कामगारांची वाढ उशिराने का होईना मिळाली. व्यवस्थापकीय संचालकांची बदली झाली. लोपीससाहेबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ झाला नाही. कुणी वर्गणीच काढली नाही.

त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्यांनी दोन्ही कंपन्यांचे आकडे कँटीनमध्ये उभं राहून सांगितले. एकही शब्द खोटा नव्हता, मी स्वतः तपासलं होतं. लोक ऐकत होते आणि मध्येच उठून जात होते. म्हात्रे माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "खरं असंल, बाई. पन आता ऐकवत नाय."

नंतर एकदा निर्मळच्या बाजारात लोपीससाहेब भेटले. वाळले होते. भाजीची पिशवी सावरत त्यांनी उत्सुकतेने विचारलं, "नव्या बाई सगळं जाहीर करतात म्हणे?"

"करतात."

"वा! मग लोकांना बरं वाटत असेल."

"नाही, सर. आता कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही."

त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. ज्यांनी मला हाताला धरून काम शिकवलं, त्यांच्यापुढे ते जमलं नाही.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. मी हाक मारली नाही.