तांबड्या रेघेपर्यंत भरलेला थैला

माझ्या वहिनीच्या दंडावर वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी जो गोळा उठून दिसू लागला, त्याचे श्रेय कुणाला द्यावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. व्यायामशाळा चालवणाऱ्या वस्तादबाईंना द्यावे, रोजच्या चार अंड्यांना द्यावे, की ती कामाला अपात्र असल्याचे तिला लेखी कळवणाऱ्या आमच्या रुग्णालयाच्या धुलाई विभागाच्या अधीक्षकांना द्यावे? अधीक्षकांचा वाटा मोठा आहे, हे मी अगदी मनापासून मान्य करतो.

वहिनी त्या धुलाईघरात सव्वीस वर्षे आहे. मी त्याच इमारतीत दोन मजले वर, अभिलेख विभागात. तिचे काम सांगायला सोपे आहे. यंत्रातून निघालेल्या ओल्या चादरी जाड कापडाच्या थैल्यात भरायच्या, थैल्यावर आतून आखलेल्या तांबड्या रेघेपर्यंत, आणि तो थैला बारा पावलांवरच्या पसरणीच्या टेबलावर नेऊन रिकामा करायचा. रेघेपर्यंत भरला की पंचवीस किलो, असे पहिल्या दिवशी शिकवले जाते. थैल्याला दोन कान असतात, म्हणून बायका दोघी-दोघींनी तो न्यायच्या. वहिनीची जोडीदारीण अठरा वर्षे एकच होती. ‘हं’ म्हटले की दोघी एकदम वाकायच्या. दुसरा शब्द लागत नसे.

मग वरून कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून असे निघाले की एका थैल्याला दोन माणसे म्हणजे उधळपट्टी. यापुढे प्रत्येकीने थैला एकटीने न्यावा, आणि ज्यांना जमणार नाही त्यांचा विचार वेगळा व्हावा. हा ‘वेगळा विचार’ म्हणजे काय, हे कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाला न सांगता समजते. चाचणी झाली. वहिनी चौथ्या पावलाला कोलमडली, थैला फरशीवर आपटला आणि त्यातले पाणी अधीक्षकांच्या बुटांवर उडाले. जोडीदारणीने थैला टेबलापर्यंत नेला खरा, पण ठेवताना तिच्या कमरेत जी कळ गेली ती गेलीच. दुसऱ्या महिन्यात तिने स्वतःहून राजीनामा लिहून दिला. वहिनीला दहा महिन्यांनी फेरतपासणी मिळाली, तोवर थैला जोडीने न्यायची मुभा. तीत उतरली नाही तर कामावरून कमी.

मी अर्ज लिहिले. सतरा. नियमांचे दाखले दिले, पूर्वीची परिपत्रके जोडली, परिच्छेदांना क्रमांक घातले. उत्तर एकाचेच आले, आणि ते अर्ज पोहोचल्याचे होते.

“भावजी,” वहिनी एके संध्याकाळी म्हणाली, “तुमच्या अर्जांचा गठ्ठा केवढा झाला?”

“वीतभर तरी असेल.”

“मग तोच उचलून सराव करते.”

घरात हशा पिकला. सर्वांत जास्त माझा थोरला भाऊ हसला. तो घड्याळे दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून राईएवढे चाक चिमट्यात धरणाऱ्या माणसाला वजन उचलण्याचा विषय मुळातच विनोदी वाटतो. वहिनी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती कामाच्याच कपड्यांत टायरच्या दुकानावरच्या व्यायामशाळेचा जिना चढली.

तिथल्या वस्तादबाई साठीच्या. तारुण्यात स्पर्धांमध्ये वजने उचललेल्या, मान आणि खांदा यांत फारसा फरक न राहिलेल्या. त्यांनी वहिनीला आधी काट्यावर उभे केले. शेहेचाळीस किलो.

“जेवता काय, ताई?”

“घरात उरेल ते.”

“मग उरलेल्याचंच शरीर झालंय. लोखंड नंतर. आधी ताट.”

पहिले तीन आठवडे वहिनीने रिकाम्या दांड्याखेरीज काही उचलले नाही. तिला एक वही दिली गेली, तीत खाल्लेला प्रत्येक घास मांडायचा. सकाळी दोन अंडी, संध्याकाळी दोन. वाटीभर शिजवलेले हरभरे, दही, दोन पेले दूध, मूठभर शेंगदाणे, आणि परवडेल त्या दिवशी कोंबडीचा तुकडा. स्नायू लोखंडाने फाटतो आणि अन्नाने भरून येतो. भरायला काही नसेल तर नुसताच फाटतो, हे वस्तादबाईंचे शरीरशास्त्र. मी याबाबत जी दोन पुस्तके चाळली, त्यांत हेच चाळीस पानांत सांगितले होते.

आता एखाद्या बाईने आपले ताट आधी वाढून घेणे ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. पण आमच्या घरात तीस वर्षे ती सर्वांत शेवटी जेवायला बसत आली होती आणि भांड्याचा तळ खरवडण्याचा आवाज म्हणजे वहिनी जेवते आहे, असे आम्ही समजत आलो होतो. पहिल्या रात्री तिने आपल्या ताटात दोन अंडी आधी ठेवली, तेव्हा आम्ही सगळे त्या ताटाकडे असे पाहू लागलो की जणू कुणी शिवी दिली.

“झालं,” दादा म्हणाला, “घरात पहिलवान आला. आता मला मारू नकोस म्हणजे मिळवली.”

“अहो, तुम्हाला मारायला अंडी कशाला लागतात? आधी आपलं ताट उचलून ठेवा, मग बोला.”

“आणि या वयात दंड कमावून दाखवणार कुणाला?”

“ज्याच्या बुटांवर पाणी उडालं त्याला.”

चौथ्या महिन्यात काटा अडला. अठ्ठेचाळीसच्या वर जाईना, आणि दांड्यावरचे लोखंडही वाढेना. वस्तादबाईंनी वही उलटसुलट पाहिली. चार अंडी, चार अंडी, चार अंडी. अक्षर स्वच्छ, हिशेब चोख.

“लिहिली आहेत चार,” त्या म्हणाल्या. “पोटात किती गेली?”

वहिनीने मान खाली घातली. दादाला मध्ये ताप येऊन गेला होता. त्याचे तोंड उतरलेले दिसले म्हणून तिने आपली संध्याकाळची दोन त्याला दिली. ताप गेला, अंडी मात्र त्याच्याकडेच राहिली. सहा आठवडे ती खोटे लिहीत होती, आणि त्या खोट्याची शिक्षा तिचेच शरीर भोगत होते.

“नवऱ्याला माझा निरोप सांगा,” वस्तादबाई म्हणाल्या. “त्याची अंडी त्याने उकडावीत. हात आहेत ना त्याला? की नुसते घड्याळाचे काटे?”

निरोप जसाच्या तसा पोहोचला. दादा दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः पातेले चुलीवर ठेवले. पाणी आटेपर्यंत ते तिथेच राहिले हा भाग वेगळा. पण तेव्हापासून वहिनीचे अंडे वहिनीच्याच पोटात गेले.

पुढे वजन चढत गेले. जमिनीवरून दांडा उचलताना पाठ कशी सरळ ठेवायची, टाचा कशा रोवायच्या, ओझे मांड्यांनी कसे ढकलायचे आणि दंडांनी नुसते धरून कसे ठेवायचे, हे तिच्या अंगात मुरले. तीस, चाळीस, पन्नास. लोखंडाच्या प्रत्येक चकतीवर आकडा कोरलेला होता, आणि ती त्याच त्या आकड्यांशी आठवड्यातून तीन दिवस झटत होती. त्यामुळे एक गोष्ट आपोआप घडली, जिची आम्हा कुणालाच कल्पना नव्हती. तिला ओझ्याची पारख आली.

मला ती पहिल्यांदा कळली बाजारात. भाजीवाल्याने पाच किलो बटाटे तोलून पिशवीत घातले. वहिनीने पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली.

“हे साडेचार आहेत.”

“बाई, काट्यावर दाखवलं ना तुम्हाला!”

“काट्याला तुमचा अंगठा दिसत नाही. माझ्या हाताला दिसतो. परत तोला.”

परत तोलले. साडेचारला दोन बटाटे वर. भाजीवाल्याने उरलेले घातले, आणि मग म्हणाला, “आता उद्यापासून तुम्हीच बसा इथे, मला काटा नको.”

फेरतपासणीच्या सकाळी व्यायामशाळेच्या काट्यावर वहिनी बावन्न भरली. दहा महिन्यांत सहा किलो. गणवेशाच्या बाह्या तिला उसवून मोठ्या कराव्या लागल्या होत्या. कर्मचाऱ्याला एक साक्षीदार आणता येतो, असा नियम आहे. तो मीच शोधून काढला होता, म्हणून साक्षीदार मीच.

धुलाईघराची रचना इथे सांगणे भाग आहे. खोलीच्या मधोमध फरशीवर पिवळा पट्टा आहे. त्याच्या एका बाजूला वॉर्डांतून आलेले मळके कपडे, दुसऱ्या बाजूला धुतलेले. धुतलेला कपडा पट्टा ओलांडून मळक्या बाजूला जाता कामा नये, हा तिथला पहिला नियम, आणि तो योग्यच आहे. वजनकाटा मळक्या बाजूला आहे. वॉर्डांनी काय पाठवले त्याची नोंद ठेवण्यासाठी. याचा अर्थ असा की ओला, धुतलेला, भरलेला थैला त्या काट्यावर कधीही चढलेला नव्हता. त्या दिवसापर्यंत एकदाही नाही.

“या मावशी, सावकाश होऊ द्या,” अधीक्षक म्हणाले. “नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका.”

“मावशी बहिणीच्या पोरांची. इथे धुलाई कर्मचारी.”

ती थैल्यापुढे उभी राहिली, टाचा रोवल्या, वाकली, कान पकडले. थैला फरशीवरून वीतभर उचलला गेला आणि ती तशीच थांबली. मला वाटले, संपले. तिने थैला परत खाली टेकवला.

“हा पंचवीस नाही.”

“रेघेपर्यंत भरलाय, तुमच्यासमोर. पंचवीसच.”

“बत्तीसच्या खाली नाही. वरच असेल.”

“अहो, वजन काय हाताला कळतं?”

“ज्याने उचललंय त्याला कळतं,” वहिनी म्हणाली. तिने थैला उचलला, छातीशी घट्ट धरला, आणि टेबलाकडे पाठ फिरवून ती पिवळ्या पट्ट्याकडे चालू लागली.

“कुठे चाललात? पट्टा! पट्टा ओलांडू नका! धुतलेला माल आहे तो!”

“परत धुवू. त्याचाच तर पगार मिळतो.”

पंधरा पावले मी मोजली. तिने थैला काट्यावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. काटा थरथरला आणि साडेतेहेतीसवर थांबला.

खोलीतल्या सगळ्या बायका पट्ट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, “जाड चादरी आल्यापासून मी म्हणतेच आहे.” मग उलगडा झाला. रेघ आखली गेली तेव्हा चादरी पातळ होत्या. सहा वर्षांपूर्वी दुप्पट जाडीच्या आल्या, त्या पाणी जास्त धरू लागल्या. रेघ मात्र आहे तिथेच राहिली. सहा वर्षे या बायका तेहेतीस किलो उचलत होत्या आणि चाचणीपासून स्वतःला पंचवीसलाही न पुरणाऱ्या समजत होत्या.

“काटा बिघडलेला असेल,” अधीक्षक म्हणाले.

वहिनीने थैला उतरवून बाजूला ठेवला. “माझं वजन आज सकाळी बावन्न भरलंय. वर बुटांचं अर्धा-पाऊण किलो धरा.” आणि ती स्वतः काट्यावर चढली.

काटा बावन्न आणि त्रेपन्नच्या मध्ये उभा राहिला. या सहा किलोंचा असाही उपयोग होईल, हे वस्तादबाईंनाही सुचले नसते.

कोणत्याही सामान्य माणसाने इथे हार मानली असती. पण अधिकाऱ्याच्या हातात कागद असतो. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, “चाचणी टेबलापर्यंत नेण्याची आहे. तुम्ही थैला टेबलावर ठेवलेला नाही. मला तसं नोंदवावं लागेल.”

मी तोंड उघडले. माझ्याकडे नियम तयार होता. वहिनीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती काट्यावरून उतरली, पुन्हा टाचा रोवल्या, पुन्हा वाकली. साडेतेहेतीस किलो पाणी आणि कापड छातीशी घेऊन ती पिवळा पट्टा ओलांडून परत आली. बायका बाजूला सरल्या. अधीक्षक मात्र टेबलाच्या वाटेतच उभे होते.

“सरका,” ती म्हणाली.

ते सरकले. थैला टेबलावर बसला आणि पाण्याची एक धार काठावरून खाली ओघळली. या वेळी बूट वाचले.

“सही करा.”

त्यांनी केली. तिची नोकरी राहिली. काटा दुसऱ्या दिवशी ‘दुरुस्तीसाठी’ हलवण्यात आला आणि अजून परतलेला नाही. बायकांनी मात्र थैल्यात रेघेच्या चार बोटे खाली काळा दोरा शिवून घेतला आहे आणि त्याच्या वर त्या भरत नाहीत. दिलगिरीचा शब्द कुणाकडूनही आलेला नाही. जोडीदारीण घरीच आहे, कमरेला पट्टा बांधून. तिची कमर मोडणाऱ्या आकड्याबद्दल तिला कुणी एक ओळही लिहिलेली नाही.

माझ्या सतरा अर्जांत चौदा नियमांचे दाखले होते. थैल्याचे एकदा वजन करा, एवढे एकातही नव्हते.

अठरावा अर्ज जोडीदारणीसाठी. या वेळी मजकूर वहिनी सांगत होती आणि मी लिहीत होतो. तिच्या हातात हरभऱ्याची वाटी होती. मी सवयीने सुरुवात केली, ‘नम्र विनंती की’.

“नम्र खोडा, भावजी.”

मी खोडले. “आणि विनंती?”

“तीही.”

मग कागदावर तारीख उरली, त्याखाली जोडीदारणीचे नाव, थैल्याचे खरे वजन, काट्यावर तिथेच तपासून पाहिलेले वहिनीचे वजन, आणि पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या नऊ बायकांच्या सह्यांसाठी सोडलेली जागा. अर्ध्या पानाचाही अर्ज नव्हता. वहिनीने तो एकदा वाचला, वाटी खाली ठेवली आणि कागद स्वतःकडे घेतला.

“हा तुम्ही पाठवायचा नाही,” ती म्हणाली. “हा मी नेऊन देणार. आणि पोच देईपर्यंत तिथेच उभी राहणार. आता माझ्याच्यानं बराच वेळ उभं राहवतं.”