चादर टाका

संस्थेच्या मॅडमने माझ्या अंगावरची चादर उचलली. मला न विचारता.

मी कुशीवर होते, तोंड भिंतीकडे. मागे संस्थेचे सर, शहरातून आलेले पाहुणे, गावचा सरपंच. दारात माझा सख्खा भाऊ. कमरेखाली मला स्पर्श कळत नाही. वाराही कळत नाही. पाठीला गार लागलं तेव्हा समजलं, गाऊन किती वर गेला आहे.

"बघा, किती छान भरून आलीय जखम," मॅडम म्हणाली. कोणीतरी मोबाइल जवळ आणला. मग एका पाहुण्याने माझं करणाऱ्या मंदाबाईला विचारलं, "हिला बोलता येतं का?"

हिला. मी तिथेच होते.

नागभीडच्या बाजूला आमचं गाव. धानाच्या रोवणीला जाताना बायांनी भरलेला ट्रॅक्टर उलटला आणि माझा मणका मोडला. जुळत आलेलं लग्न मोडलं. आई होती तोवर तिने केलं. ती गेली आणि मी भाऊ-वहिनीच्या वाट्याला आले. दोघं सकाळीच धानात जायचे. कुत्री शिरू नयेत म्हणून वहिनी बाहेरून कडी लावायची. मग घरात मी, खाट आणि कौलातून सरकत जाणारं ऊन. माशी तोंडावर बसली तर हाकलता यायची. पायावर बसली तर नुसतं बघायचं.

मंदाबाई शेजारच्या गावची. घरी जाऊन आमच्यासारख्यांचं करायला संस्थेने तिला शिकवून नेमलं होतं. एक दिवसाआड यायची. आंघोळ घालायची, पडून पडून झालेली जखम धुवायची, कूस बदलायची. आधी विचारायची, "पोरी, अंगाले हात लावू का?" कित्येक दिवस असे जायचे की मला कोणी विचारलेलं तेवढंच असायचं.

त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

मी म्हणाले, "चादर टाका."

मॅडम हसली. "अगं, तुझ्यासाठीच आलोय आम्ही एवढ्या लांब."

मला वळता येत नव्हतं. भिंतीकडे बघतच बोलले. "चादर टाका. अन् बाहेर व्हा सारे."

चादर मंदाबाईने ओढली. पाहुणे चहा न घेता गेले. भाऊ आत आला. ओरडला नाही. इतकंच म्हणाला, "आता कोन करन तुयं?"

त्याचं खोटं नव्हतं. मंदाबाईचं येणं बंद झालं. शेतातून आल्यावर वहिनी धुवायची. कधी तिलाच उभं राहवत नसे, तेव्हा राहून जायचं. जखम पुन्हा उघडली. वास यायला लागला. शेजारच्या बाया दारातूनच विचारून परत जाऊ लागल्या. मीही त्यांना बस म्हणेना.

मग संस्थेचे सर एकटे आले. मॅडमना वाईट वाटलंय, म्हणाले. फोनवर माफी माग, उद्यापासून बाई सुरू करतो. वहिनी चुलीपाशी होती. चिखलाने तिच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या. त्या हातांकडे बघून माफी अगदी ओठांवर आली होती.

"माफी नाई मागत," मी म्हणाले. "बाई पाठवा."

सर उठले. त्यानंतर वहिनी माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवण द्यायची, धुवायची, पण बोलायची नाही. त्या घरात तेव्हाइतकी एकटी मी आई गेल्यावरही नव्हते.

एका बाजाराच्या दिवशी मंदाबाई आपणहून आली. तिला दुसऱ्या गावांना लावलं होतं. माझं सगळं आवरलं आणि मग सांगितलं की ब्रह्मपुरीकडे एक गृहस्थ आहेत. एसटीत कंडक्टर होते, लकव्याने एक बाजू गेली. त्यांना आंघोळ घालतानाचा व्हिडिओ संस्थेने सभेत दाखवला. तेव्हापासून ते घरातही बोलत नाहीत. तिने तिथल्या तिथे त्यांना फोन लावून माझ्या हातात दिला.

मी माझं सांगितलं. पलीकडून अडखळत अडखळत आवाज आला, "मले वाटे, आपली सोय होऊन राह्यली, तं बोलाचं काऊन?"

आता आम्ही रोज बोलतो. त्यांच्या ओळखीची राजुऱ्याची, आमच्यासारखीच खाटेवरची एक बाई आहे, तीही बोलते. तिघांनीही एकमेकांना पाहिलेलं नाही. संस्थेची तालुक्याला बैठक आहे, तिथे आम्हाला हे बोलायचं आहे. भाऊ नेणार नाही म्हणाला. गाडी मिळाली तर झोपून जाईन. नाही मिळाली तर फोनवरून बोलेन.

जखम भरलेली नाही. बाई अजून पाठवलेली नाही. मदत नको, असं मी म्हणणार नाही. मदत पाहिजेच. माझी कूस मला बदलता येत नाही, हे खरं आहे. पण म्हणून मी जत्रेत मांडलेली वस्तू होत नाही.

माफी त्यांनी मागायची आहे. भिंतीच्या बाजूने येऊन, माझ्या तोंडाकडे बघून.