मीटरवालीचा पहिला एपिसोड

उडणारा सुपरहीरो टीव्हीवर शोभत नाही, हे माझं ठाम मत आहे. कागदावर तो झकास दिसतो, कारण कागदावर त्याला वजन नसतं. पडद्यावर मात्र एक नट पोट आत ओढून दोरीला लटकलेला असतो, आणि जगाचं काय होईल यापेक्षा आपल्याला खाली कधी उतरवतील याचीच काळजी त्याच्या तोंडावर जास्त दिसते. सिनेमात एकवेळ खपून जातं. मालिकेत तोच माणूस आठ-आठ एपिसोड लटकणार म्हटल्यावर कोण बघेल बापा?

मला हे कोणी विचारलेलं नाही. पण आमच्या घरात गेली तीन वर्षं दुसरा विषय नव्हता. माझी मुलगी कॉमिक काढते. सव्वीस वर्षांची पोट्टी, रोज टॅबलेटवर मान मोडून बसते. आम्ही मूळचे नागपूरचे. ह्यांच्या सरकारी नोकरीमुळे लखनौला आलो आणि इथलेच झालो. तिचा जन्म इथला. मी मराठीत ओरडते, ती हिंदीत उत्तर देते, आणि भांडण व्यवस्थित पार पडतं.

तिच्या नायिकेला आम्ही घरात मीटरवाली म्हणतो. ती वीजखात्यात मीटरचं रीडिंग घेते. घरोघर फिरते, घंटी वाजवते, आणि भिंतीला तळहात लावला की त्या भिंतीनं ऐकलेलं सगळं तिला ऐकू येतं. एवढीच तिची शक्ती. अंगात घट्ट कपडे नाहीत, तोंडावर मुखवटा नाही, खांद्याला बॅग आणि पायात चपला. कोणाच्या घरात सुनेला कोंडून ठेवलंय, कोणाच्या घरात म्हाताऱ्याकडून अंगठा उठवून घेतलाय, ते हिला भिंत सांगते. मग ही काय करायचं ते करते. दर वेळी नवं दार, नवं घर. मालिकेला आणखी काय पाहिजे? पहिलं प्रकरण वाचलं त्याच दिवशी मी म्हटलं होतं, ही टीव्हीवर चालेल.

आणि खरंच मुंबईहून निरोप आला. एका कंपनीला कॉमिकवरून मालिका काढायची होती. तिघांची निवड झाली होती. एक उडणारा, एक नदीत उतरला की दहा हत्तींचं बळ येणारा, आणि आमची मीटरवाली. तिघांतून एक ठरणार होता. मीटरवाली त्यांना आवडली होती, पण सोबत त्यांच्या सूचनांची यादी होती, आणि त्यातल्या चौथ्या सूचनेवर आमच्या घरात वादळ उठलं.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मीटरवाली घरी येते, चपला काढते, उभ्याउभ्या पाणी पिते. तिच्या मागं भिंतीवर एक फोटो असतो. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. माझ्या वडिलांचा नव्हे, आम्ही सगळेच ज्यांना बाबा म्हणतो त्यांचा. कंपनीचं म्हणणं होतं, हा फोटो काढावा. भिंत न्यूट्रल ठेवावी. कॅलेंडर वगैरे चालेल.

"फ़ोटो नहीं हटेगी," मुलगी म्हणाली.

"अगं, काहून हट्ट धरून बसलीस?" मी म्हटलं. "तीन वर्षं डोळे फोडलेस ना? एका फोटोपायी सगळं पाण्यात घालणार?"

"मम्मी, वो उसका घर है। फ़ोटो हटी तो मैं मना कर दूँगी।"

ती तसं करणार हे मला ठाऊक होतं. हट्ट माझ्यावरच गेलाय.

कंपनीची दोन माणसं लखनौला येणार होती. दिग्दर्शक, आणि कथा निवडणारी एक मॅडम. सकाळी जुन्या लखनौच्या चौक भागातल्या गल्ल्या बघून अकराला आमच्याकडं. मुलीनंच त्यांना घरी बोलावलं होतं. हे घर बघितलं की त्यांना कळेल, असं तिचं म्हणणं. हे ऑफिसला जाताना मला म्हणाले, "तू मधे बोलू नकोस." मी म्हटलं, मी कशाला बोलते. मी सांबारवडी करणार होते.

आमच्या वृंदावन योजना कॉलनीत पत्ता शोधणं सोपं नाही. अकराला दहा कमी असताना फोन आला, गाडी भलत्याच सेक्टरमध्ये घुसली. मुलगी ओढणी घेऊन खाली पळाली. मी घरात एकटी.

आता पुढचं सांगते. लपवत नाही.

मी गॅस बंद केला, हॉलमध्ये आले, खुर्ची भिंतीला लावली, चढले आणि फोटो काढला. आत नेऊन पलंगावर ठेवला. खुर्ची परत जागेवर. हे सगळं मी विचार करून केलं असं म्हणाल तर नाही. खालून माणसांचा आवाज आला आणि हात चालायला लागले.

ह्या हातांना ती सवय लखनौच्याच महानगर मोहल्ल्यात लागली. तिथं आम्ही पहिल्यांदा भाड्यानं राहिलो. मालकीणबाई मोठी प्रेमळ. महाराष्ट्राचे म्हटल्यावर आम्ही कोण असू हे तिनं आपल्या मनानंच ठरवून टाकलं होतं. दिवाळीला मिठाईचं ताट घेऊन वर आली, भिंतीकडं बघितलं, ताट ठेवलं आणि पाणीही न पिता खाली गेली. दोन महिन्यांनी म्हणाली, बेटे की शादी है, कमरा चाहिए. तिचा मुलगा नववीत होता!

त्यानंतर महानगरातच दुसरं घर घेतलं, तिथं फोटो आतल्या खोलीत. मग हे चिडले, म्हणाले, आपण चोर आहोत का? मग बाहेर लावला. पण घंटी वाजली आणि दारात कोण ते कळलं नाही, की मी काढायची. बुद्धाची मूर्ती तिथंच ठेवायची, कारण बुद्धाला कोणी काही विचारत नाही, लोकांना तो शोपीस वाटतो. ही अशी पंधरा वर्षं. मग स्वतःचं घर झालं, फोटो हॉलमध्ये लागला तो लागला. आठ वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. त्या दिवशीच काय झालं मला, कोण जाणे.

पाहुणे आले. दिग्दर्शक पन्नाशीचे, डोक्याला टोपी, बोलणं हळू. मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. दोघं मोठ्या सोफ्यावर बसले, मुलगी त्यांच्यासमोर खुर्चीत. आणि फोटोची भिंत तिच्या पाठीमागं. ती इतकी गडबडीत होती की आत येताना तिनं वर बघितलंच नाही.

मी मात्र बघितलं. आठ वर्षांत भिंतीचा रंग मळला होता. फोटोच्या मागं तो मळला नव्हता. पाठीमागं बरोब्बर तेवढा पांढरा चौकोन, वर खिळा. रिकामी भिंत असती तर एकवेळ कोणाचं लक्ष गेलं नसतं, ही भिंत तर ओरडून सांगत होती. मी सांबारवडीची प्लेट ठेवली, पाणी ठेवलं, पुन्हा पाणी ठेवलं. आत जाऊन फोटो आणून लावावा, तर सगळ्यांच्या देखत खुर्चीवर कशी चढू? आणि काय सांगू?

मुलगी छान बोलत होती. उडणाऱ्या हीरोला प्रत्येक एपिसोडमध्ये आकाश लागतं, मीटरवालीला फक्त एक दार लागतं, असं म्हणाली. मॅडमनी लिहून घेतलं. मला जरा बरं वाटलं. मग दिग्दर्शकांनी विचारलं, "एक बात बताओ बेटा। उड़ने वाले को गिरने का डर है। नदी वाले को सूखे का। डर के बिना सीरीज़ नहीं चलती। तुम्हारी मीटरवाली किससे डरती है?"

तीन वर्षांत मुलीनं मीटरवालीला कशाला घाबरवलंच नव्हतं. ती काहीतरी बोलली, अंधाराला, एकटेपणाला, पण ते तिलाच पटलं नाही हे दिसत होतं. मॅडमनी वही मिटली.

"और वो फ़ोटो," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "देखिए, हमें कोई दिक़्क़त नहीं है। पर लोग पहले ही फ़्रेम में तय कर लेते हैं कि कहानी किसकी है। हम चाहते हैं, हर घर की लगे।"

"ये भी घर है," मुलगी एकदम म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मैंने मन से नहीं बनाया। आप उसी घर में बैठे हैं। यही सोफ़ा, यही खिड़की, और यही फ़ोटो।" आणि मान न वळवता तिनं हात मागं केला.

दोघांनी वर बघितलं.

"यहाँ तो कुछ नहीं है, बेटा," दिग्दर्शक म्हणाले. चेष्टेनं नाही, हळूच म्हणाले. तेच जास्त लागलं.

मुलगी वळली. खिळा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडलं, "वो, सफ़ाई के लिए..." एवढं बोलले आणि तिनं हात वर करून मला थांबवलं.

ती उठली, भिंतीजवळ गेली आणि त्या पांढऱ्या चौकोनावर तळहात ठेवला. मीटरवाली ठेवते तसा. माझ्या डोक्यात आलं, ही आता रडणार. किंवा ह्या लोकांसमोर तमाशा करणार.

"ग्यारह में दस कम थे," ती भिंतीकडं तोंड करूनच बोलायला लागली. "मैं नीचे थी। मम्मी ने गैस बंद की। कुर्सी खींची। फ़ोटो उतारी और अंदर रख आईं। क्योंकि आप लोग आ रहे थे।"

मॅडमनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

"महानगर में भी उतारती थीं। घंटी बजते ही। मैं छोटी थी। कुर्सी मैं पकड़ती थी।"

आई शप्पथ, हे मी विसरले होते. चार-पाच वर्षांची होती ती. खुर्ची हलू नये म्हणून दोन्ही हातांनी पाय धरून बसायची. मला वाटायचं, तिला खेळ वाटतोय.

ती वळली. "सर, आपने पूछा न, किससे डरती है? घंटी से। दिन भर दूसरों की बजाती है। अपने घर की बजे तो उसका ख़ून सूख जाता है।"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. मागं काय बोलणं झालं मला माहीत नाही. दार लागल्याचा आवाज आला तेव्हा बाहेर आले आणि तिच्यावर तुटून पडले.

"चारचौघांत आईची अब्रू काढलीस! हेच शिकवलं का तुला? फोटोपेक्षा मोठी झालीस का तू?"

"फ़ोटो किसने उतारी थी, मम्मी?" ती म्हणाली आणि खोलीत गेली.

त्या दिवशी हे ऑफिसातून आले, खिळ्याकडं बघितलं, आत जाऊन फोटो आणला आणि लावला. मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मुलीशी मी आठ दिवस जेवायला ये एवढंच बोलत होते. राग तिचा होता की माझा मलाच आला होता, ते त्या दिवसांत मला कळत नव्हतं. बाबांमुळे मी शिकले, माझ्या आईनं शेणाच्या गोवऱ्या थापल्या आणि मी पदवी घेतली, आणि त्यांनाच मी पलंगावर झोपवून आले होते, कोण कुठल्या दोन माणसांपायी.

बारा दिवसांनी दुपारी तिचा फोन वाजला. ती गॅलरीत बोलत होती, मी भाजी निवडत होते. बराच वेळ झाला. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मीटरवाली निवडली होती. फोटोही राहणार होता. पण कंपनीला पहिला एपिसोड त्या दिवसासारखाच पाहिजे होता. घंटी वाजते, मीटरवालीची आई खुर्चीवर चढते आणि फोटो काढते. मालिका तिथून सुरू होणार. तो प्रसंग नसेल तर त्यांना पुन्हा विचार करावा लागेल. मुलीनं त्यांना सांगितलं होतं, आईला विचारून कळवते.

माझ्या डोळ्यांपुढं नागपूर आलं. माझ्या माहेरी ह्यातलं कोणाला काही माहीत नाही. माझा भाऊ दर जयंतीला स्टेजवर उभा राहून बोलतो. त्याच्या घरात, माझ्या बहिणींच्या घरात ही मालिका लागणार, आणि सगळ्यांना कळणार की ती बाई कोण.

"आई," ती म्हणाली. मम्मी नाही म्हणाली. मग मोडक्यातोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधत, "तू नाही बोलली, तर मी नाही देणार. खरंच. दाखवू का?"

मी भाजी निवडत राहिले. ती तिथंच उभी होती.

"दाखव," मी म्हटलं. "पण ते काम करेल त्या बाईला एक नीट समजावून सांग. फोटोला पिठाचे हात लावायचे नाहीत. आधी धुवायचे. मी धुतले होते."