दाजींचा हात

सगळं टेबल त्यांना दाजी म्हणायचं ते मेहुण्यामुळे. तो बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं ऐकून शिंपी आणि वायरमनही दाजीच म्हणू लागले. रविवारी दुपारी दाजी आपल्या सलूनचं शटर अर्धं ओढत आणि चौघं पोकर मांडत. पैशांऐवजी शिंप्याने आणलेली कोटाची बटणं. हरेल त्याने चहा पाजायचा.

मेहुणा जुन्या गाड्या विकायचा, त्यामुळे माणसं वाचण्याची भारी घमेंड. "पत्ते नका बघू, माणूस बघा," हे त्याचं पालुपद. शिंपी मागे टेकला की त्याच्याकडे काही नाही. वायरमनने गळ्याला हात लावला की तो थापा मारतोय. आणि दाजींचा उजवा हात थरथरला की पत्ते जबरदस्त, बाकीच्यांनी डाव सोडावा. तसे ते सोडतही. वर हसत, "दाजी, लपवता येत नाही हो तुम्हाला!"

दाजींना ते हसणं झोंबायचं. हात वाईट पत्त्यांवरही थरथरायचा, शर्टाचं बटण लावतानाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण वस्तरा चालवणाऱ्याने ते कुणाला सांगायचं? दाढ्या त्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्या कारागिराकडे सोपवल्या होत्या. स्वतः मशीनने केस तेवढे कापत. आणि टेबलावरचे तिघंही त्यांचंच गिऱ्हाईक.

त्या रविवारी दाजींनी बटणांचा ढीग पुढे सारला. हात असा थरथरला की काही बटणं खाली घरंगळली. मेहुण्याने राण्यांची जोडी मुकाट टाकून दिली. डाव दाजींचा झाला, तेवढ्यात वायरमनने त्यांचे पत्ते उलटले. झाकलेले पत्ते उलटायचे नाहीत हा नियम, पण राहवलं नाही त्याला. दुर्री आणि सत्ती, अगदीच फडतूस!

"नाटक!" मेहुणा उठलाच. "थापा चेहऱ्याने मारा ना, दाजी. हात हलवून फसवता? वर्षभर हे सोंग?"

"जाऊ दे रे," शिंपी पुटपुटला.

"काय जाऊ दे! हात आवरा, नाहीतर पुढच्या रविवारपासून नुसते बघत बसा."

स्वतःच्या दुकानात! दाजींची कानशिलं तापली. वर्षभर या तिघांनी हाच हात डोळ्यांत तेल घालून पाहिला. पण "बरं आहे ना?" एवढं विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही.

त्यांनी ड्रॉवरमधून वस्तरा काढला. नवं पातं काही केल्या बसेना. तिघं बघत राहिले.

"सोंग आहे ना? मग ये, बस खुर्चीत. दाढी करून देतो."

मेहुणा हलला नाही.

"बस की! माणसं वाचतोस ना तू?"

मेहुण्याचा हात आपोआप गळ्याशी गेला. "दाजी... कधीपासून हे?"

"तू हसायला लागलास तेव्हापासून."

त्या दिवशी चहा कुणीच पाजला नाही. हे तिघं आता गावभर करणार, धंदा बसणार, या विचाराने दाजी रात्रभर धुमसले.

सकाळी पहिला शिंपीच आला. कारागीर मोकळाच उभा होता, तरी तो दाजींच्या खुर्चीत बसला आणि ओशाळून छताकडे पाहू लागला.

"वर काय बघतोस?" दाजी खेकसले. "हाताकडे बघ. वर्षभर फुकट बघत होतास ना!"

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.