अर्ध्यावर थांबलेलं वाचन

सटवाजीच्या आवाजाचं कौतुक पुसेगावच्या आसपास सगळ्यांनाच होतं. त्याचा बाप्तिस्मा ज्यांना मुळीच पटला नव्हता, तेसुद्धा कबूल करायचे की गडी वाचतो मात्र झकास. तरुणपणी तो परभणीकडं मिशनच्या बंगल्यावर घोड्यांच्या चाकरीला गेला, ओसरीवर बसून अक्षरं शिकला आणि परतला तो बगलेत बायबल घेऊनच. निजामाच्या राज्यात शाळा चालायची उर्दूत, आणि शाळेपर्यंत या गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं पोचायचं तरी कोण? त्यामुळं काही घरं ख्रिस्ती झाली तेव्हा वाचायचं काम आपसूकच सटवाजीकडं आलं.

कुडाच्या भिंतींच्या प्रार्थनाघरात दर रविवारी तो उभा राही. रडण्याची जागा आली की आवाज ओला करी, दटावण्याची आली की चढवी. म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत. सटवाजीला वाटे, आपल्याला शास्त्र कळतं. एवढं पाठ झालेलं कळल्याशिवाय राहील कसं?

आता त्याच्या धाकट्या भावाचं सांगायला हवं. उकंडा ख्रिस्ती झाला नव्हता. त्यांची आई गेली तेव्हा सटवाजी नवानवा विश्वासी होता, आणि नव्याचा ताठा काही औरच असतो. जुन्या विधींना हात लावायचा नाही म्हणून यानं आईच्या तिरडीला खांदासुद्धा दिला नाही. लांब बाभळीखाली उभा राहून प्रार्थना म्हणत राहिला. उकंडानं सगळं एकट्यानं केलं आणि दहाव्याला चारचौघांत सांगितलं, "आजपासून मला भाऊ न्हाई." तेव्हापासून दोघं एकाच नाल्याच्या अल्याड-पल्याड राहत होते, पण बोलणं नव्हतं. समोरासमोर आले की उकंडा बैल हाकायच्या निमित्तानं तोंड फिरवायचा.

शास्त्रात एक जागा होती. येशूनं सांगितलं होतं की दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाचं मन तुझ्यामुळं दुखावलेलं आहे, तर दान तिथंच राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. ही जागा आली की सटवाजीला उकंडा आठवायचाच. पण शहाण्या माणसाला वाट काढता येते. भाऊ म्हणजे मंडळीतला भाऊ, असा त्यानं मनाशी अर्थ लावून टाकला होता. त्या अर्थावर त्याची झोप चांगली लागायची.

ज्वारीची खळी झाली आणि सुगीच्या अर्पणाचा रविवार आला. त्या दिवशी परभणीहून पाद्रीसाहेब छकड्यातून आले होते. सटवाजीला त्याच दिवशी उपदेशक करायचं ठरलं होतं. एवढ्या वर्षांच्या वाचनाचं सार्थक होणार म्हणून त्यानं सदरा रिठ्यानं धुऊन घेतला होता. पांढऱ्या चादरीच्या मेजापुढं ज्वारीच्या, हरभऱ्याच्या टोपल्या मांडल्या गेल्या. त्यात भिकाबाईचीही होती. ही म्हातारी नुकतीच बाप्तिस्मा घेतलेली. तिला अक्षर येत नव्हतं आणि मधेच बोलायची सवय मात्र जुनी होती.

पाद्रीसाहेबांनी नेमका तोच अध्याय काढून दिला. सटवाजीनं आवाज लावला. ती जागा आली, गेली, तो पुढं सरकला. तेवढ्यात भिकाबाई उठली आणि दाराकडं निघाली.

"भिकाबाई, कुठं निघाल्या?" सटवाजीनं विचारलं.

"गोजरबाईकडं. शेळीच्या करडावरून भांडताना म्या लई वंगाळ बोलले तिला. ती बोलत न्हाई माह्यासंगं."

गोजरबाई तिची जाऊ. सटवाजी कसनुसं हसला. "अवं, उपासना झाल्यावर जा."

"आधी जा, असं तुमीच आत्ता वाचलं न्हाई का?"

"वाचलं, व्हय. पन तिथं भाऊ म्हंजे मंडळीतला. गोजरबाई काय आपल्यात न्हाई."

भिकाबाई दारात थांबली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "असं लिवलंय का तिथं?"

सटवाजीनं पुस्तकात पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती, ते त्याला पाठ होतं. तरी त्यानं पाहिलं. पाद्रीसाहेब ऐकत होते, सगळी मंडळी ऐकत होती.

"न्हाई," तो म्हणाला. "तसं लिवलेलं न्हाई."

"मंग येते मी. टोपली राहू द्या तिथंच." आणि ती गेली.

पुढं वाचावं असं कोणाला सुचेना. सटवाजी साहेबांकडं बघत होता, साहेब जमिनीकडं. मग हरिचंद घसा खाकरत उठला. त्याचं जावयाशी शेताच्या धुऱ्यावरून वाकडं होतं. त्यानं आपली टोपली जराशी मेजाकडं सरकवली आणि तोही बाहेर पडला. त्याच्यामागं रूपाबाई. मग आणखी एक, मग दोघं. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. पायांत वहाणा चढवल्याचे आवाज येत होते आणि बसायला अंथरलेली गोणपाटं रिकामी होत होती.  हीच जागा सटवाजीनं किती वेळा वाचली होती, किती सुरेल वाचली होती! लोक रडले होते, पण उठलं कोणी नव्हतं. आज त्याच शब्दांनी एका अडाणी म्हातारीचा हात धरला आणि तिला चालवत नेलं. ते शब्द आपल्याच हातात इतकी वर्षं जिवंत होते, या विचारानं त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठंही काही वाटलं. त्याला पुस्तक हातात धरवेना.

शेवटी प्रार्थनाघरात मेजापुढच्या टोपल्या उरल्या, आणि सटवाजी नि साहेब. एक चिमणी बिनधास्त आत येऊन ज्वारी टिपू लागली. तिला कोणी हुसकलं नाही.

पाद्रीसाहेब हळूच म्हणाले, "सटवाजी, मी हा अध्याय कितीतरी मंडळ्यांत वाचलाय. माणूस उठून गेलेलं आज पहिल्यांदा पाहिलं." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं कोणाशी काही नाही ना?"

साहेब परभणीचे, त्यांना नाल्यापलीकडचं काय ठाऊक? नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. सटवाजीच्या ओठांवर ते आलंही.

"हाय, साहेब," तो म्हणाला. "धाकटा भाऊ हाय माझा." त्यानं पुस्तक मेजावर ठेवलं आणि धुतलेल्या सदऱ्यानिशी भर उन्हात नाल्यात उतरला.

उकंडा खळ्यावर पोतं अंथरून दावं वळत बसला होता. सावली पडली तसं त्यानं वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली. समेट कर असं शास्त्रात होतं. तोंड कसं उघडायचं ते नव्हतं. 

"चुकलं माझं," सटवाजी म्हणाला. "आयला खांदा द्यायला पायजे व्हता."

उकंडाचा हात थांबला. "इतक्या वर्सांनी?" त्याचा आवाज फाटला. "मी एकटा व्हतो रं. वळून वळून बघत व्हतो, तू येशील म्हून."

 सटवाजी उभाच राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"आज काहून आलास?" उकंडानं विचारलं. "तुह्या देवानं धाडलं का?"

"त्यानं तर कवाच धाडलं व्हतं, उकंडा," सटवाजी म्हणाला. "मीच आज निघालो."

 वळत असलेलं दावं उकंडानं बाजूला ठेवलं आणि पोत्यावर सरकून जागा केली.