चहाची पैज

सकाळी दुकानाला निघण्याआधी तो आपला मोबाइल ताईसमोर ओट्यावर उपडा ठेवायचा आणि बटणांचा साधा फोन खिशात टाकायचा. ताई मोबाइल कपाटात बंद करून किल्ली कमरेला खोचायची. तो दारापर्यंत जाऊन परत यायचा.

"नीट लावलंस ना कुलूप?"

"लावलं रे बाबा! जा आता."

मग तो खरा जायचा.

तो न्हावी होता. हात सफाईदार, पण पाय एका जागी ठरत नसत, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नाव पाडलं होतं चुळबुळ्या. मोबाइलवरच्या सट्ट्यात आधी त्याच्या दुकानातल्या खुर्च्या गेल्या, मग आरसे, मग दुकानच. आता तो दुसऱ्याच्या दुकानात राबायचा. गिऱ्हाईक नसलं की कात्री हवेतच चालवत राहायचा.

"हवेचे केस फार वाढलेत का रे?" मालक विचारायचा.

"कापले नाहीत तर डोळ्यांवर येतात."

रविवारी दुपारी शाळेच्या रिकाम्या वर्गात जुगार सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरे. एक निवृत्त नर्स ती चालवायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला. खेळायची हुक्की आली की त्याला फोन लावायचा आणि ती ओसरेपर्यंत बोलत राहायचं, कशाबद्दलही. चुळबुळ्याचा जोडीदार प्लंबर होता.

एका रविवारी प्लंबरचा पत्ताच नव्हता. बैठकीतला एक शिंपी म्हणाला, "नाही येत तो आज. लागली चहाची पैज!"

"येणार. लागली," चुळबुळ्या म्हणाला.

गमतीतच. पण बघता बघता दोन बाजू पडल्या. सगळे बाकांवरून पुढे सरकले. बाहेर पाऊल वाजलं की बोलणं थांबे. फळा पुसता पुसता सिस्टर वळल्या आणि त्यांची नजर चुळबुळ्याच्या पायावर गेली. सदा हलणारा तो पाय अगदी शांत होता.

प्लंबर ओल्या बाह्यांनी आत आला आणि एकच गलका झाला.

"कुणाचं लग्न ठरलं काय?" त्याने विचारलं.

आपण पैज लावून बसलो होतो हे ध्यानात येताच सगळ्यांचं हसू तिथेच विरलं. जिंकलेला चहा आला. चुळबुळ्यासमोर तो तसाच निवत राहिला.

"आज जरा सांभाळून घरी जा रे," सिस्टर एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी ताई भांडी घासत होती.

"ताई, मोबाइल दे. नुसतं बघतो."

"हात ओले आहेत माझे."

"किल्ली दे, मी काढतो."

ताईने घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. तो ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत फिरत राहिला. "नुसतं बघतो ना! आज जिंकलोय मी, तुला काय माहीत!"

पातेलं तिच्या हातातून सुटलं. तिने कमरेची किल्ली काढली आणि ओल्या तळव्यावर त्याच्यापुढे धरली. "घे. जन्मभर तुझी राखण करायला मी पुरणार नाही."

त्याने किल्ली झडप घालून घेतली. कपाटासमोर जाऊन उभा राहिला, अगदी निश्चल. ताई पाठमोरीच होती. नळाच्या धारेमागे तिला फक्त ती शांतता ऐकू येत होती.

मग बटणं दाबल्याचा आवाज आला.

"बोल काहीतरी," तो साध्या फोनवर म्हणाला. "काहीही. दुपारी कुठे अडकला होतास?... मग? पाणी कुठून येत होतं?... भिंतीतून? मग फोडलीस का?"

प्लंबर बोलत राहिला, तो विचारत राहिला. बऱ्याच वेळाने फरशीवर त्याच्या टाचेची टपटप पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुठे ताईने पाणी बंद केलं.

त्याने घामेजलेली किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"ताई, आपला हा नळ गळतोय. तो उद्या येऊन बघतो म्हणाला."