पाच बाटल्या, एकाच सकाळी

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं एक मुलगी राहायची. नऊ वर्षांची. तिला थॅलेसेमिया होता, म्हणजे दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवलं तरच अंगात धुगधुगी. त्यात गट निगेटिव्ह, सहजी न मिळणारा. आम्ही पाच जण त्याच गटाचे. एकदा रक्त दिलं की तीन महिने देता येत नाही, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या होत्या. ती यादी तिच्या आईनं पिठाच्या डब्यावर चिकटवली होती. चार वर्षांत एकही पाळी चुकली नाही.

मग आम्हाला समाजसेवेची खाज सुटली. पाचही जणांना मोटारसायकलींचं वेड. अशा मुलांसाठी थेट नेपाळपर्यंत जायचं, वाटेत गावोगावी थांबून, हा आजार आईबापांकडून येतो तेव्हा लग्नाआधी रक्त तपासा म्हणून सांगायचं, असं ठरलं. काम चांगलंच होतं, ते मी आजही म्हणतो. पण आपल्याकडं रक्तदान शिबिराशिवाय पुढाऱ्याचा वाढदिवस होत नाही, तर आमची फेरी कशी निघणार? मांडव, ढोल, बॅनर. बॅनरवर तीच मुलगी. आणि फोटोसाठी पहिल्या पाच खाटांवर आम्ही पाच जण.

तिची आई कडेला उभी होती. माझ्या खाटेजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, समदेच एकदम देताय व्हय? मंग पुढच्या पाळीला कोण?"

"अहो ताई, रक्तपेढीतच तर जातंय, पळून थोडंच चाललंय?" मी हसलो. मोठा शहाणा मी.

मुलीनं झेंडा दाखवला. आम्ही औरंगपुऱ्यातून मिरवून आलो आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

काठमांडूत आमचा सत्कार चालला होता. शाल अंगावर असतानाच तिच्या आईचा फोन आला.

"पेढीत निगेटिव नाय म्हणत्यात. लेकरू निजूनच हाय. दादा, आता कोणाला सांगू?"

आमच्या बाटल्या कधीच संपल्या होत्या. कुणी बाळंतीण, कुणी अपघातातला. ज्याला आधी लागलं त्याला गेलं. तिच्यासाठी राखून ठेवा, एवढं सांगायचंही आम्हाला सुचलं नव्हतं. मे महिना, कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत. हॉटेलच्या पायऱ्यांवर बसून आम्ही जिल्हाभर फोन लावत राहिलो. पाचव्या दिवशी गंगापूरचे एक शिक्षक जीपनं येऊन रक्त देऊन गेले. वरातीमागून घोडं. रक्त चढलं, पण तोवर तिचं हृदय पार थकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

परतल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो, शिव्या खायच्या तयारीनंच. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. त्याच सकाळचा. ती झेंडा घेऊन पुढं, आणि मागं आम्ही पाच जण, कोपरात कापूस दाबून दात काढतोय.

आईनं चहा ठेवला. माझी नजर कुठं आहे ते तिनं बघितलं असावं.

"फोटोवाला म्हणला, मागचे काढून टाकतो," ती म्हणाली. "नको म्हणलं. तिच्या अंगात दुसऱ्या कोणाचं रगत व्हतं?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या हाराखाली माझंही तोंड हसत होतं आणि ते मला बघवत नव्हतं.